जड पाण्याचे चंपतराव

बेल्याच्या बसथांब्यावर उतरून चंपतरावांचं घर विचारलं तर लोक उलट विचारतात, "कोनते चंपतराव? जड पान्याचे का?" गावात माणसाला आडनावापेक्षा टोपणनाव लवकर चिकटतं, चंपतरावांनी मात्र हे मोठ्या हौसेने स्वतःच चिकटवून घेतलं. खाली गोदावरीच्या अंगाला जड पाण्याचा एक कारखाना आहे, तिथे ते एकतीस वर्षं ऑपरेटर होते. निवृत्त होऊन गावी परतले तेव्हा ट्रकमध्ये दोन लोखंडी कपाटं, एक कूलर आणि निरोपसमारंभात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ होतं. बाकीचं सामान डोक्यात होतं, आणि ते उतरवून घ्यायला गावात कोणी रिकामं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात शेजारचे नागोराव बाटलीभर पाणी घेऊन आले.

"चंपतभाऊ, आमच्या बोअरचंबी पानी जडच हाये. डाळ शिजत नाई, साबनाले फेस नाई. एवढ्यासाठी सरकारनं कारखाना काऊन टाकला?"

चंपतरावांनी त्यांना खाली बसवलं आणि समजावलं की हे ते नव्हे. साध्याच पाण्यात एक भाऊबंद लपलेला असतो, सहा-सात हजारांत एखादा; दिसायला तसाच, वजनाला थोडा भारी. तो वेगळा काढायला डोंगराएवढं पाणी आणि मनोऱ्याएवढी यंत्रं लागतात. नागोरावांनी सगळं शांतपणे ऐकलं, बाटलीकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग याचं काय करू?" चंपतराव म्हणाले, "उकळून घ्या."

सोजरबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, आतून हे ऐकलं आणि काही बोलल्या नाहीत. काही न बोलणं हा त्यांचा एकतीस वर्षांचा अभ्यास होता. कारखान्याच्या क्वार्टरमध्येही रोज रात्री जेवताना नवऱ्याचा हाच पाठ त्या ऐकत आल्या होत्या, आणि ऐकलेलं बाहेर कुठे सांडत नव्हत्या. आता गावात दोन्ही सुना आपापली गाऱ्हाणी घेऊन त्यांच्याकडेच येत. थोरल्या सुनेने धाकटीबद्दल सांगितलेलं धाकटीपर्यंत पोचत नसे, आणि धाकटीचं थोरलीपर्यंत. विहिरीत खडा टाकावा आणि आवाजही येऊ नये, असं त्यांचं पोट होतं.

चंपतरावांना पहिला खरा श्रोता मिळाला तो शाळेत. विज्ञान दिनाला हेडमास्तरांनी बोलावलं, आणि चंपतराव इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात गोट्या भरून गेले. ते बोलले छान, हे मान्य करायला हवं. आयुष्यभर ज्याचं कोणी ऐकलं नाही तो माणूस एकदा बोलू लागला की बहुधा छानच बोलतो.

"युरेनियमचं केंद्रक म्हंजे मोठ्या खटल्याचं घर," त्यांनी सुरुवात केली. "दोनशे पस्तीस मानसं एका छपराखाली. त्यातले ब्यान्नव जन एकमेकाले सारखे ढकलून राह्यले. पन जवळ जवळ बसलेले हायेत, म्हनून माया धरून ठेवते. दूर गेलं की थे माया पोचत नाई. अशा घरात बाहेरून एक पाहुना येते, न्यूट्रॉन. त्याले ना या भावाची बाजू ना त्या भावाची. त्याले कोनी ढकलत नाई, दारातून सिद्धा आत येते. तो आला की घर डुगडुगते, लांबट होते, मधात बारीक होते. मंग एकमेकाले ढकलनारेच जिंकतात, अन् घर फाटते. दोन तुकडे होतात, एक मोठा, एक लहान. बराबर अर्धे सहसा होत नाई. अन् फाटता फाटता दोन-तीन नवे पाहुने उडतात, थे दुसऱ्या घरात जाऊन शिरतात."

मग त्यांनी तोलून सांगितलं की दोन्ही तुकडे आणि उडालेले पाहुणे एकत्र करून तराजूत टाकले, तर पहिल्या घरापेक्षा वजन कमी भरतं. फार नाही, हजारातला एखादा हिस्सा. पण गेलेलं ते वजनच उष्णता होऊन बाहेर पडतं, त्यावर पाण्याची वाफ होते आणि आपल्या घरातला दिवा लागतो. पोरं पुढे सरकून बसली. मास्तरही.

"पन सर," पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "जड पानी काय करते मंग?"

चंपतरावांनी गोट्या काढल्या. एक गोटी भिंतीवर मारली. ती तशीच जोरात परत आली. दुसरी गोटी दुसऱ्या गोटीवर मारली. मारलेली मंदावली, आपला जोर तिने समोरचीला दिला. "उडालेला पाहुना लय जोरात असते. इतका जोरात, की घरातून निघून जाते, कोनाले लागत नाई. जड पान्याचे कन त्याच्याच जोडीचे. त्याहीले टकरत टकरत तो हळू होते. अन् जड पानी त्याले खात नाई. साधं पानी थोडेफार खाऊन टाकते. जड पानी फक्त त्याचा जोर काढून घेते."

"हळू झाला की घर वाचते?"

"नाई बाई. हळू झाला की मुक्काम करते. मुक्काम केला की घर फुटते."

हे वाक्य त्यांच्याच तोंडचं आहे आणि त्यांनी ते फळ्यावर लिहूनही दाखवलं. शेवटी अणुभट्टी आवरायची कशी तेही सांगितलं. कॅडमियमच्या नाहीतर बोरॉनच्या दांड्या असतात, त्या पाहुण्यांना गिळतात आणि परत काही देत नाहीत. दांड्या खाली सोडल्या की भट्टी मंद. जुन्या पद्धतीच्या काही भट्ट्यांत आणखी एक उपाय असे: भट्टीतलं जड पाणीच खालच्या टाकीत सोडून द्यायचं. जोर काढणारं कोणी उरलं नाही की पाहुणे भर्रकन निघून जातात आणि फुटणं आपोआप थांबतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चंपतराव घरी आले ते दोन इंच उंच होऊन.

त्या भाषणाने गावाने एवढंच उचललं की चंपतरावांना जोर काढून घेता येतो. लोकांचा तसा काही दोष नाही. पोळ्याला बैलजोडी कोणी मिरवायची यावरून नागोराव आणि त्यांचा धाकटा भाऊ यांच्यात जुंपली तेव्हा कोणीतरी म्हणालं, "जड पान्याच्या मानसाले बोलवा." इथे पंचायती करणारा माणूस पोलिसापेक्षा मोठा समजतात. चंपतराव गेले.

तोवर गावात भांडणाची एक जुनी रीत होती. भाऊ-भाऊ धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत. बायका दारातून साथ देत. दुपारी घसा कोरडा पडला की एकाच मडक्यातलं पाणी पिऊन सगळे घरी येत, आणि संध्याकाळी कोणाला विचारलं तर कशावरून भांडलो हेही आठवत नसे. चंपतरावांना ही रीत रानटी वाटली. त्यांनी आपली पद्धत बसवली. सतरंजी टाकायची. मधे चहा. एका वेळी एकानेच बोलायचं, तेही हळू आवाजात, आणि प्रत्येक वाक्यानंतर चहाचा एक घोट. आवाज चढला की चंपतराव स्टीलच्या पेल्यावर चमच्याने टण् करत. बोलणारा थांबे, घोट घेई आणि तेच वाक्य पुन्हा हळू म्हणे.

आता गंमत पाहा. "तुह्या तोंडाले आग लागो, मी तुह्यासंगं राहात नाई" हे माणूस धुऱ्यावरून ओरडला तर ते वाऱ्यावर जातं. तेच वाक्य त्याने चहा पीत, सावकाश, एकेक शब्द तोलून म्हटलं, तर समोरच्याला पहिल्यांदाच नीट ऐकू येतं. आणि म्हणणाऱ्यालाही. नागोराव आणि त्यांचा भाऊ तीन बैठकांत अतिशय शांत झाले आणि चौथ्या बैठकीत वेगळे झाले. चूल वेगळी, धुरा वेगळा, एक बैल इकडे, एक तिकडे. कोणाचंही डोकं फुटलं नाही. चंपतरावांनी पितळी घागरीपासून मुसळापर्यंत यादी केली, दोघांच्या सह्या घेतल्या आणि दोघांना हात मिळवायला लावले.

त्या घरातून दोन-तीन जण बाहेर पडलेच. धाकट्या भावाची बायको माहेरी सांगायला गेली, "किती शांततेत झालं, बाई!" तिची नणंद सासरी तेच बोलली. ज्या घरात हे शब्द गेले तिथल्या कोणाला तरी वाटलं, आपल्याही घरी एकदा चंपतरावांना बोलवावं. चार वर्षांत अकरा घरं अशीच शांतपणे वेगळी झाली. पोलीस ठाण्यात एक तक्रार नाही. गेल्या पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीने चंपतरावांना शाल आणि नारळ दिला.

एकदा मधेच नागोराव आले होते आणि ओट्यावर बराच वेळ बसून राहिले होते. "वाटनी बराबर झाली हो चंपतभाऊ," ते म्हणाले. "पन काईतरी कमी भरते." चंपतरावांनी कपाटातून यादी काढली, चष्मा लावला आणि प्रत्येक वस्तू पुन्हा वाचून दाखवली. सगळं बरोबर भरलं. नागोराव मान हलवून गेले. ज्या माणसाने शाळेत तराजूचा पाठ दिला होता त्याला यादीपलीकडे काही सुचलं नाही, याचा मला आजही राग येतो.

चंपतरावांचं दुःख वेगळंच होतं. गावभर शांतता आणि घरी रोज तमाशा. थोरला मुलगा कुलदीप बियाणं-खताचं दुकान चालवतो. त्याची बायको प्रियदर्शनी आदिलाबादच्या एका शाळेत शिकवते, सकाळची बस तिला गाठावी लागते. धाकटा पंकज भाजीपाला पिकवतो. त्याची बायको यामिनी पहाटेपासून मेथी-पालकाच्या जुड्या बांधते आणि तिला अंग धुऊन पुढच्या कामाला लागायचं असतं. घरात न्हाणी एक. रोज साडेसहाला न्हाणीच्या दारावर लढाई. पंधरा ऑगस्टला ती झेंडावंदनापर्यंत लांबली. ग्रामपंचायत घरासमोरच, झेंडा वर गेला, लाउडस्पीकर क्षणभर बंद पडला, आणि नेमकं त्या शांततेत प्रियदर्शनीचं वाक्य सगळ्या गावाने ऐकलं: "यामिनी, मुक्कामाले गेली का न्हानीत?" पाठोपाठ यामिनीचं उत्तर आलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. शाल खांद्यावर घेऊन चंपतराव उभे होते. त्यांना वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं.

मात्र बसचा हॉर्न वाजला की यामिनी धावत जाऊन थोरल्या जावेच्या हातात डबा देत असे, आणि प्रियदर्शनी बसच्या खिडकीतून ओरडून सांगत असे की संध्याकाळी येताना तुझ्यासाठी बांगड्या आणते. हे चंपतरावांनी रोज पाहिलं होतं. पाहिलेलं सगळं दिसतंच असं नाही.

पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी आपल्याच घरात सतरंजी टाकली.

"अवो, काऊन?" सोजरबाई म्हणाल्या. "भांडतात अन् इसरतात. राहू द्या ना."

"लोकं हासून राह्यले. दुसऱ्याची घरं शांत करतो अन् माह्या घरात हे."

"माह्याजोळ येऊन सांगतात ना दोघीबी. मी ठेवतो पोटात."

"तुह्या पोटात ठेवून काय होते? बोलाले पायजे. शांततेनं."

त्यांनी शाल घेतली. घरच्या बैठकीला शाल कशाला, हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. पेला आणि चमचा घेऊन ते मधोमध बसले. चौघं समोर. चहा आला.

पहिली बोलली प्रियदर्शनी. तिचा आवाज दोनदा चढला, दोनदा टण् झालं. तिने घोट घेतला, थांबली आणि मग अगदी शाळेतल्यासारखं सावकाश म्हणाली, "मामाजी, भांडताना मले एवढंच वाटे का बस चुकू नये. आता शांतपने इचार केला तं वाटते, आदिलाबादलेच खोली घेतली तं बस धरायचीच नाई."

शब्द सतरंजीवर पडून राहिले. रोजच्यासारखं कोणी त्यांच्यावर दुसरं काही फेकून मारलं नाही.

यामिनी हळूच म्हणाली, "ताई म्हनतात थे बराबर हाये. मले त्याहीचा राग नाई. पन चूल वेगळी झाली तं मीबी सकाळी माह्या हिशोबानं उठीन." घोट. मग कुलदीप, दुकानाचं. मग पंकज, शेताचं. कोणी कोणाला तोडलं नाही. "तू म्हनतो थे पटते," असं दोन भाऊ एकमेकांना म्हणाले. जन्मात पहिल्यांदा म्हणाले असतील. अर्ध्या तासात सगळं इतकं सुरेख ठरत आलं की चंपतरावांचा हात सवयीने कागदाकडे गेला. त्यांनी मधोमध उभी रेघ मारली. डाव्या बाजूला लिहिलं, कुलदीप. उजव्या बाजूला, पंकज. खाली पहिली वस्तू लिहिली, पितळी घागर, आणि ती कोणाच्या बाजूला टाकायची म्हणून वर पाहिलं.

घागर सोजरबाईंनी लग्नात आणलेली होती. सोजरबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि त्यांच्याचकडे बघत होत्या.

चंपतरावांचा हात थांबला. भट्टी पेटली होती, ती त्यांनीच पेटवली होती, आणि समोर चौघं जण चहाचे कप घेऊन किती समजूतदार बसले होते! त्यांना ओरडावंसं वाटलं. पण ओरडायचं नाही हा नियम त्यांचाच होता.

"अवो," सोजरबाई म्हणाल्या, "थे भट्टी थांबवाची असली तं काय करतात म्हने?"

चौघांनी माना वळवल्या. चंपतराव म्हणाले, "दांड्या टाकतात."

"थे तं मी एवढे वरसं टाकून राह्यलो. मले आता गिळनं होत नाई. दुसरं काय करतात?"

चंपतरावांनी कागद खाली ठेवला. त्यांना उत्तर येत होतं. त्यांनी ते शाळेत सांगितलं होतं, जेवताना हजारदा सांगितलं होतं. सोजरबाई भांड्यांकडे बघत ऐकत, आणि चंपतरावांना वाटे की त्या ऐकत नाहीत.

"जड पानी सोडून देतात," अखेर ते म्हणाले.

"मंग उठा," सोजरबाई म्हणाल्या. "बाहीर बसा."

त्यांनी रागाने म्हटलं असतं तर चंपतराव भांडले असते. त्या हळू म्हणाल्या, म्हणून ते उठले. शाल खांद्यावरून घसरली ती उचलायचंही भान राहिलं नाही. ओट्यावर येऊन बसले. मागे दार लागलं.

आत कपबशा वाजल्या. मग सोजरबाईंचा आवाज आला. चाळीस वर्षांच्या संसारात चंपतरावांनी हा आवाज ऐकला नव्हता. "खोली पाह्यजे का आदिलाबादले? अन् काल रातची भांडी कोनाच्या पाळीची होती? तशीच पडून हायेत! वेगळी चूल मांडनारीनं पहिले हे चूल पुसावं!" क्षणभर सगळे बहुधा दचकले असावेत. मग यामिनी, "आत्याबाई, पाळी ताईची होती!" मग प्रियदर्शनी, "माही? शनवारी माही पाळी असते का?" मग कुलदीप मधे पडला आणि दोघींनी मिळून त्याला गप्प केलं. पंकजने भावाची बाजू घेतली. एक पेला पडला, बहुधा तोच. तीन-चार तोंडं एकदम सुटली. कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं, शब्द खिडकीतून भर्रकन बाहेर येऊन ग्रामपंचायतीपर्यंत जात होते आणि कुठेच मुक्काम करत नव्हते.

चंपतरावांना आनंद झाला आणि त्याच दमात फार वाईट वाटलं. घर वाचत होतं, आणि ते वाचायला त्यांना बाहेर बसावं लागत होतं. अकरा घरं त्यांना एकेक करून आठवली.

रस्त्याने नागोराव येत होते. ओट्यापाशी थांबले, दाराकडे पाहिलं.

"तुमच्या घरी भांडन चालू हाये का, चंपतभाऊ?"

"हो."

"अन् तुमी बाहीर?"

"मले बाहीर काढलं."

नागोरावांना हसू येईल असं चंपतरावांना वाटलं. ते हसले नाहीत. आतून यामिनीचा आवाज आला की ताईने परवा आपली चप्पल घालून नेली, आणि प्रियदर्शनीने विचारलं की मग बांगड्या कोणी आणल्या, सांग ना, कोणी आणल्या. नागोराव मान तिरपी करून ऐकत राहिले.

"आमच्या घरी कोनी वरडत नाई आता," ते म्हणाले. "चार वरसं झाली. भाऊ धुऱ्यावर दिसते. नमस्कार करते. मीबी करतो."

चंपतरावांच्या हातात अजून चमचा होता. त्यांनी तो खिशात घातला. कपाटात यादी होती, सह्या होत्या, सगळं बरोबर होतं.

"तुमाले काम नसंन तं घडीभर बसतो," नागोराव म्हणाले. "ऐकतो जराकसं."

चंपतराव सरकले आणि त्यांनी ओट्यावर जागा करून दिली.